फौजेत गेल्यावर लिहिणारा माणूस शिल्लक राहतो का?

तुम्ही विचारलंय की अग्निवीर भरतीची तयारी चालू आहे आणि कथाही लिहिता, तर चार वर्षं फौजेत काढल्यावर शोकांतिका लिहिण्याइतकं मन मऊ राहील का.

मी उलट्या रस्त्यानं आलोय भाऊ. १७ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शन आलो. आता नागपुरात रात्री एटीएमवर गार्ड, सकाळी एम.ए. मराठीच्या वर्गात शेवटच्या बाकावर. पोरं मला काका म्हणतात. सर माझ्यापेक्षा लहान, तरी ते आत आले की टाचा आपोआप जुळतात.

मऊपणाचं मला सांगता येणार नाही. नेमाचं सांगतो.

शोकांतिकेच्या तासाला सरांनी फळ्यावर 'हमार्शिया' लिहिलं. ॲरिस्टॉटलचा शब्द, नायकाच्या हातून होणारी चूक. आमच्या नोट्समध्ये त्याला 'स्वभावदोष' म्हटलंय. सर म्हणाले, मुळात अर्थ नेम चुकणं असा आहे. मी ताठ बसलो. हे तर आपल्या खात्यातलं!

फायरिंग रेंजवर नवा जवान दोन तऱ्हेनं चुकतो. एकाच्या गोळ्या टारगेटभर विखुरतात, कारण त्याचा श्वास ताब्यात नसतो. दुसऱ्याच्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात, पण मध्यापासून वीतभर डावीकडे. ग्रुपिंग झकास, झिरोइंग, म्हणजे रायफलीचा नेम जुळवणं, चुकलेलं. उस्ताद पहिल्याला शिव्या देतो. दुसऱ्याला काही बोलत नाही, त्याची रायफल हातात घेऊन बघतो.

कर्ण हा दुसऱ्यातला. दर वेळी तोच दानशूरपणा, मित्राला दिलेला तोच शब्द, आणि दर वेळी वीतभर बाजूला. कवचकुंडलं देताना हात थरथरला असता तर वाचला असता. मी हे वर्गात बोललो तेव्हा सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, लिहून आणा. अजून आणलेलं नाही.

फौजेनं लेखक मरतो म्हणावं तर ग्रीक शोकांतिका लिहिणाऱ्या एस्किलसचं काय करायचं? तो इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला इराण्यांशी लढला. पुढं ४७२ मध्ये त्यानं नाटकातून त्याच इराण्यांच्या राजवाड्यातला आक्रोश अथेन्सच्या लोकांसमोर उभा केला, हरलेल्यांच्या बाजूनं. सोफोक्लीस हा दुसरा ग्रीक नाटककार तर सेनापती म्हणून निवडून आला होता.

पण लढाईचे अनुभव गोळा करायला म्हणून जाऊ नका. कामठीच्या छावणीजवळ राहणाऱ्या कोणालाही विचारा, फौज म्हणजे बहुतेक रोल कॉल, गार्ड ड्यूटी, आणि छुट्टी मंजूर झाली का याची वाट. माझ्या वाट्याला युद्ध आलंच नाही. भासाच्या 'ऊरुभंग' या संस्कृत नाटकातसुद्धा भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध आपल्याला दिसत नाही, तीन सैनिक येऊन ते सांगतात. दिसतो तो पुढचा प्रसंग. दुर्योधन मांड्या मोडून पडलाय आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो.

आमच्या पल्टणीतला एक सोबती डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरून गेला. पेपरवाल्यांच्या भाषेत ती शोकांतिका. सरांच्या व्याख्येत नाही, कारण नुसता अपघात, नायकाची चूक कुठं आहे? यावर मी अजून सरांशी मनातल्या मनात भांडतो.

जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करून घरच्यांकडं पाठवतात. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. काळी ट्रंक उघडली. स्वेटर एक. दाढीचं सामान. लोणच्याची बरणी, अर्धी. पासबुक. पासबुकात घडी घातलेला पांढरा दोरा, चार-पाच इंचाचा. बाकीच्यांना तो कचरा वाटला. मला माहीत होतं. मागच्या छुट्टीत त्यानं पोराच्या पावलाचं माप घेतलं होतं, कँटीनमधून बूट न्यायला.

मी लिहिलं: दोरा, पांढरा, एक.

सुभेदार साहेबांनी यादी तपासताना त्या ओळीवर पेन ठेवलं. "हे काय?"

"सामान आहे, साहेब."

त्यांनी पेन उचललं आणि खाली सही केली.