पास्त्यासाठी इटालियन-अमेरिकन घरांतला मांसाचा दाट सॉस कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की अर्धा किलो बिनचरबीचा खिमा, टोमॅटो प्युरी, कांदा-लसूण आणि बाटलीतला इटालियन मसाला घालून अर्ध्या तासात सॉस उतरवता. मग तो आंबट लागतो आणि ताटलीत पास्त्याखाली पाणी साचतं. मसाला किंवा प्युरीचा ब्रँड बदलून हे सुधारणार नाही. या सॉसची सगळी चव हाडा-चरबीच्या मांसातून आणि वेळातून येते, आणि तुमच्या पद्धतीत नेमक्या या दोन गोष्टी नाहीत. रविवारची सकाळ मोकळी ठेवलीत तर बाकी काहीच अवघड नाही.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या इटालियन-अमेरिकन घरांत याला 'संडे ग्रेव्ही' म्हणतात, काही घरांत नुसता 'सॉस'. 1880 ते 1920 या 40 वर्षांत सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे होते: नेपल्सचा परिसर, कलाब्रिया, सिसिली. गावी मांस सणासुदीलाच मिळायचं. इथे गोदीत, कारखान्यांत, बांधकामावर राबून आठवड्याला थोडे पैसे हातात येऊ लागले आणि मांसही परवडू लागलं. मग नेपल्सच्या रागूमध्ये, म्हणजे मांस घालून तासन्‌तास शिजवायच्या सॉसमध्ये, बरगड्या, सॉसेज, मीटबॉल असं सगळं एकाच पातेल्यात पडू लागलं. भरपूर मांस घालणं हा त्या लोकांचा आनंद होता, आणि तो या पदार्थात अजून टिकून आहे. म्हणून यात मांसाची कंजुषी करू नका.

हा सॉस उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रागूपेक्षा वेगळा आहे. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1982 साली नोंदवलेल्या त्या पाककृतीत बारीक केलेलं मांस, गाजर, सेलरी, दूध आणि अगदी थोडा टोमॅटो असतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच पाककृती या दोघांची खिचडी करतात. तुम्हाला हवा आहे तो दक्षिणेकडचा, टोमॅटोने भरलेला लालभडक सॉस, तेव्हा दूध-सेलरी विसरा.

सहा-आठ माणसांसाठी प्रमाण असं: पोर्कच्या बरगड्या किंवा मानेची हाडं 700 ग्रॅम, बडीशेप घातलेली इटालियन सॉसेजेस 500 ग्रॅम, आणि मीटबॉलसाठी बीफ-पोर्कचा मिसळलेला खिमा 500 ग्रॅम. अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचे 794 ग्रॅमचे दोन डबे, टोमॅटो पेस्टचा 170 ग्रॅमचा छोटा डबा, एक मोठा कांदा, सहा लसूण पाकळ्या, पाव कप ऑलिव्ह तेल, एक कप रेड वाइन, एक तमालपत्र, मूठभर बेसिलची पानं. बीफ-पोर्क खात नसाल तर बोकडाच्या किंवा मेंढीच्या खांद्याचं हाडासकट मटण घ्या. इटलीत अब्रुझ्झो भागात मेंढीच्या मांसाचा रागू करतातच. चिकनच्या खिम्याच्या नादी मात्र लागू नका. तीन तास शिजवल्यावर त्याचा नुसता भुसा होतो.

टोमॅटो अख्खेच घ्या आणि हाताने कुस्करा. डब्यातल्या चौकोनी फोडी नकोत. त्या फोडी मोडू नयेत म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि कितीही शिजवल्या तरी त्या टणकच राहतात. सान मार्झानो जातीचे मिळाले तर उत्तम, पण डब्यावर डीओपीचा, म्हणजे ते ठरलेल्या भागातच पिकल्याची हमी देणारा, शिक्का आहे का ते बघा. नुसतं नाव छापलेले डबे पुष्कळ असतात, आणि त्यांना जास्त पैसे मोजण्यापेक्षा साधे चांगले प्लम टोमॅटो घेतलेले बरे.

जाड बुडाचं स्टीलचं किंवा इनॅमलचं पातेलं काढा. ॲल्युमिनियम किंवा उघडं लोखंड नको. टोमॅटोच्या आंबटपणाने सॉसला धातूची चव येते.

आता मुख्य काम. मांस टिपून अगदी कोरडं करा, मीठ लावा, तेल चांगलं तापवा आणि तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे थोडे थोडे टाका. सगळं एकदम टाकलंत तर मांसाला पाणी सुटतं, ते उकडतं, आणि रंग येतच नाही. एका बाजूला गडद तपकिरी, खरपूस कड आल्याशिवाय उलटू नका. बरगड्या आणि सॉसेजेस मिळून 20-25 मिनिटं सहज लागतात. मांस काढून ठेवलंत की पातेल्याच्या तळाशी तपकिरी थर चिकटलेला दिसेल. तो जळलेला नाही, घासून टाकू नका. काळा झाला असेल तरच पुसा, कारण मग कडवटपणा सगळ्या सॉसभर पसरतो.

त्याच तेलात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ होऊ द्या. लसूण अर्धा मिनिट परता आणि मग टोमॅटो पेस्ट घाला. इथे तुमचा मराठी हात कामाला येईल: मसाला परततो तशी पेस्ट तेल सुटेपर्यंत परता. पाच-सात मिनिटांत लालभडक रंग जाऊन विटकरी होतो, आणि कच्चा वास गेलेला नाकालाच कळतो. मग वाइन ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडा. तो सगळा तपकिरी थर सुटून रसात येईल. वाइन निम्मी आटली की टोमॅटो, तमालपत्र, आणि टोमॅटोच्या एका डब्यात पाणी भरून, विसळून तेही घाला. वाइन वापरत नसाल तर पाण्याने खरवडा, चालतं.

बरगड्या परत आत सोडा, झाकण तिरपं ठेवा, आणि आच इतकी कमी करा की सॉस जेमतेम हलला पाहिजे. माझ्या शेजारच्या आजींचे आईवडील नेपल्सजवळच्या गावातून आलेले. त्या पातेल्यात डोकावत नाहीत, आवाज ऐकतात. एक बुडबुडा फुटतो, 'पप्', मग क्षणभर शांतता, मग दुसरा. बुडबुडे एकामागोमाग फुटायला लागले की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून उठून त्या आच कमी करतात. नेपल्सच्या बोलीत या हळू उकळण्याला शब्दच आहे, 'पिप्पिआरे'. असा सॉस तीन तास राहू द्या. दर वीस मिनिटांनी तळापासून ढवळा, नाहीतर पेस्ट खाली लागते.

या तीन तासांत दोन गोष्टी होतात. उघड्या फटीतून पाणी हळूहळू उडतं, आणि हाडांभोवतीचं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या सुपाने ओठ चिकटतात ना, तेच हे. तुमचा सॉस पास्त्यावरून ओघळून खाली जातो तो हे जिलेटिन नसल्यामुळे. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा येईल, पण पास्त्याला बिलगणारी ती पकड येणार नाही.

सॉसेजेस दोन तासांनी घाला, सुरुवातीला टाकली तर कोरडी पडतात. मीटबॉल शेवटच्या 40 मिनिटांत. त्यासाठी पावाचे दोन स्लाइस अर्धा कप दुधात भिजवून कुस्करा. त्यात एक अंडं, किसलेलं पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं कडक, खारट चीज) 50 ग्रॅम, चिरलेली पार्सली, लसूण, मीठ, मिरी घाला आणि खिमा सगळ्यात शेवटी, बोटांनी हलकेच मिसळा. कणकेसारखं मळलंत तर गोळे घट्ट होतात. भिजलेल्या पावामुळे रस आत धरला जातो, म्हणून तो वगळू नका. गोळे तेलावर बाहेरून लालसर करा आणि मग सॉसमध्ये सोडा.

आंबटपणाचं म्हणाल तर, पेस्ट नीट परतली आणि तीन तास मिळाले तर तो बहुतेक विरतोच. तरीही टोमॅटोच आंबट निघाले, तर आधी साखरेकडे जाऊ नका. साखर आंबट चवीवर गोड चव चढवते, आम्ल तसंच राहतं. खायचा सोडा पाव चमच्याच्याही आत, अगदी चिमूटभर घाला. फेस येईल, तो बसला की चाखा. जास्त पडला तर सॉसला साबणासारखी चव येते. अख्खं गाजर शिजताना सोडून शेवटी काढून टाकणारी घरंही पुष्कळ आहेत.

मसाल्याचा मोह आवरा, हे कळकळीने सांगते. आलं नको, गरम मसाला नको, तो बाटलीतला मिश्र मसालाही नको. थोडी सुकी मिरची चालते, कलाब्रियाच्या लोकांना ती प्रियच आहे. बेसिल आच बंद केल्यावर. पेकोरिनो किंवा पार्मेजानो चीजची उरलेली कडक साल असेल तर ती मात्र शेवटच्या तासात जरूर टाका.

कुकरमध्ये करायचा झालाच, तर मांस लवकर शिजेल, पण वाफ कोंडल्यामुळे पाणी उडत नाही. 35-40 मिनिटांनी झाकण काढून निदान अर्धा-पाऊण तास उघड्यावर आटवा. वेळ फारसा वाचत नाही, आणि चव थोडी कमीच पडते.

ताटलीतल्या पाण्याचं दुसरं कारण पास्ता. रिगातोनी किंवा झिती असा नळीच्या आकाराचा पास्ता घ्या, नळीत सॉस शिरतो. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मीठ, तेल अजिबात नको. तेलाने पास्ता निसरडा होतो आणि सॉस धरत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा, वेगळ्या पसरट पॅनमध्ये तीन-चार डाव सॉस आणि पास्त्याचं कपभर पाणी घालून मोठ्या आचेवर हलवत राहा. त्या पाण्यातला स्टार्च आणि सॉसमधली चरबी एकजीव होतात. ते झालं की पास्त्याखाली पाणी साचत नाही.

वाढताना मांस आधी पातेल्यातून बाहेर काढून थाळ्यात ठेवतात. पहिल्यांदा नुसता सॉस लावलेला पास्ता, वर पेकोरिनो, आवडत असेल तर रिकोटा या मऊ, ताज्या चीजचा गोळा. मांस त्यानंतर, पाव आणि सॅलडबरोबर. जेवण दुपारी दोन-तीनला सुरू होतं आणि बराच वेळ चालतं, तेव्हा सकाळी नऊ-दहाला पातेलं चढवा.

सॉस उरेल, उरायलाच हवा. छोट्या डब्यांत काढून लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर केशरी चरबी गोठलेली असेल, त्यातली निम्मी काढा, सगळी नको. सोमवारी तो अर्धवट शिजवलेल्या झितीत रिकोटा आणि मोझरेलाबरोबर कालवून ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजा. बाकीचा फ्रीझरमध्ये तीन महिने चांगला राहतो.