निवृत्तीनंतर पूर्वीसारखं जमत नाही. बाल्टेस दांपत्याचं संशोधन यावर काय सांगतं?

जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल आणि मार्ग्रेट बाल्टेस यांनी १९९० मध्ये तीन गोष्टी एकत्र मांडल्या: निवड, सराव, भरपाई. त्यांचं गाजलेलं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं. वयाच्या ८०व्या वर्षी तो मोजक्याच रचना वाजवायचा, त्यांचाच जास्त रियाज करायचा आणि जलद भागाआधी लय मुद्दाम उतरवायचा, म्हणजे पुढचा भाग आपोआप वेगवान भासे. गणित चुकू शकतं ते मधल्या पायरीवर: कामं कमी करतात, पण उरलेल्यांचा सराव वाढवत नाहीत.

परावलंबी व्हायला घरचेही हातभार लावतात म्हणा! मार्ग्रेटना वृद्धाश्रमांत दिसलं की परावलंबी वागणाऱ्याकडे लगेच कुणीतरी धावतं, स्वतःचं स्वतः करणाऱ्याकडे कुणी बघतही नाही. त्यामुळे आजोबा शर्टाची बटणं लावत असतील तर लावू द्या, पाच मिनिटं लागली तरी.