आज्जीच्या ट्रंकेतलं चांदीचं नाणं

प्रश्न : आज्जीच्या ट्रंकेत एक चांदीचं नाणं मिळालं. एका बाजूला डोक्याला पानं बांधलेला माणूस, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. सराफ म्हणायलाय इंग्रजांच्या काळातलं असंल, भाचा म्हणतोय रोमन. फोटो पाठवलाय. चिंच लावून घासलं तर चालतंय काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिलं म्हणजे घासू नका! चिंच नको, रांगोळी नको, काहीच नको, वरचा काळपट थर गेला की नाण्याची किंमतच गेली.

छाप रोमनच आहे, भाचा बरोबर बोलायलाय. बाईच्या बाजूला 'पोंटिफ मॅक्सिम' वाचता येतंय, म्हणजे मुख्य पुरोहित, हा सम्राट तिबेरियसचा किताब (राज्य इ.स. 14 ते 37) आणि नाणं म्हणजे दिनारियस, रोमचं चांदीचं नाणं. बाईच्या एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी, बरेच जण तिला तिबेरियसची आई लिव्हिया मानतात. मला विचाराल तर रोमन नाण्याची खरी मजा ह्या मागच्या बाजूलाच असतीय, कारण तेव्हा ना पेपर ना टीव्ही, राज्यकर्त्याला जे सांगायचं ते चांदीवर छापून गावोगाव पोचायचं. ज्युलियस सीझरनं इ.स.पू. 44 मध्ये जिवंतपणीच स्वतःचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणला, त्याच वर्षी त्याचा खून झाला, आणि मारणाऱ्यांतल्या ब्रूटसनं पुढं काढलेल्या नाण्यावर दोन खंजीर आणि मधे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी! खुनाची तारीखसुद्धा खाली टाकली. एवढ्याशा जागेत एवढं धाडस, बघून अजून अंगावर काटा येतोय.

तुमच्यासारखा छाप आणि तिबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस, त्याच्या दोन दत्तक नातवांचा ढाली-भाल्यांचा छाप, हे दोन रोमशी चालणाऱ्या व्यापारामुळं भारतात लई सापडल्यात. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोनं नाण्याचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केली, त्यामुळं इकडं जुन्या चांगल्या चांदीलाच मागणी राहिली असं मानतात. चित्रदुर्गाजवळ चंद्रवळ्ळीला अशी नाणी मिळाल्यात, आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात तर पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आवर्जून बघून या.

आता खरं-खोटं. फोटोवरनं सांगणं बरोबर नाही, नकला भरपूर फिरायल्यात. सराफाच्या काट्यावर वजन करा, साडेतीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास पायजे. कडेला गोल शिवण दिसली तर साच्यात ओतलेली नक्कल समजा, अस्सल नाणं ठोकून केलेलं असतंय, म्हणून जरा वाकडंतिकडं असणं हे उलट चांगलं लक्षण. आणि ट्रंकेतलं नसून शेतात नांगरताना मिळालेलं असंल तर आधी डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) कळवा, तसा कायदाच आहे.