वॉटरकलरचे महागडे सेबल ब्रश लवकर खराब होतात. टोक टिकवण्यासाठी काय करावे?

सगळ्यात आधी, ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवून देणे बंद करा. टोक वाकते, लाकडी दांडा फुगतो आणि त्यावरचा रंग सुटू लागतो. बहुतेक चांगले ब्रश यानेच जातात.

काम झाले की लगेच गार किंवा कोमट पाण्यात धुवा. गरम पाणी नको, त्याने केस धरून ठेवणारा गोंद सैल होतो. अधूनमधून सौम्य साबण तळहातावर घेऊन हलकेच फिरवा. केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीत रंग वाळून बसला की केस फाकतात आणि टोक पुन्हा नीट जुळत नाही, म्हणून तिथे जास्त लक्ष द्या. मग बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवा.

पावसाळ्यात ओला ब्रश डबीत बंद केला तर बुरशी हमखास. सेबल म्हणजे खऱ्या प्राण्याचे केस, त्यामुळे कसरही लागते. बरेच दिवस वापरणार नसाल तर पूर्ण कोरडे करून डांबरगोळीसोबत ठेवा.

अ‍ॅक्रिलिक रंग आणि मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग कोरा ठेवण्यासाठी लावायचे, वाळून रबरासारखे होणारे द्रव) यांच्यासाठी मात्र स्वस्त सिंथेटिक ब्रशच वापरा, सेबल कधीच नाही.