पोटातले कावळे आणि सव्वाचारची खारी

यावेळी भुकेवरची पत्रं एवढी आली की केस गळण्यावरचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. आणि काहीजण मला डॉक्टर ताई लिहितात, मी डॉक्टर नाही हो, आहारतज्ज्ञ आहे.

प्रश्न : ताई, मी बँकेत कॅशला बसते, वय ४४. दीडला डबा खाते, दोन पोळ्या, भाजी, कधी थोडा भात. तरी सव्वाचारला भूक लागते म्हणजे लागतेच, मग चहाबरोबर चार-पाच खारी जातात. रविवारी घरी दोनला चांगलं दाबून जेवलं तरी सव्वाचारला तेच. मुलगी म्हणते मम्मी ही भूक नाही, नुसती सवय आहे. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सवय आहे हे मुलीचं बरोबर, पण 'नुसती' हा शब्द तिला मागे घ्यायला लावा. सवयीची भूकही खरीच असते. जठरातून ग्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, १९९९ मधे जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं, ते रक्तातून मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत जातं आणि खायला बघा म्हणून सांगतं. पण हे ग्रेलिन नुसतं रिकाम्या पोटाकडे बघत नाही, घड्याळाकडेही बघतं, रोज ज्या वेळेला तुम्ही खाता त्याच्या जरा आधी ते आपोआप वाढायला लागतं, मग तो रविवार असो की बँक हॉलिडे. आणि वाढतं तसं उतरतंही, अगदी काही खाल्लं नाही तरी. उपासाच्या दिवशी बाराला जीव जाईल असं वाटतं आणि तीनला भुकेची आठवणही नसते, हा अनुभव घेतलाच असेल की.

आता खारी. १९९५ मधे सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला, ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचाच वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारत राहिले की पोट किती भरल्यासारखं वाटतंय. पांढऱ्या ब्रेडला १०० मार्क धरले तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, पहिला नंबर (उकडलेल्या हं, काचऱ्या घेऊन बसू नका). सगळ्यात खाली क्रॉसाँ, ४७. खारी त्या यादीत नव्हती, पण क्रॉसाँ म्हणजे तिचा मावसभाऊच की, मैदा आणि तुपा-डालड्याचे थरावर थर. त्यात ती आपण चहात बुडवतो, तोंडात जायच्या आधीच लगदा, चावायचं काही कामच नाही, अर्धी तुटून कपाच्या तळाशी बसते आणि ती आपण चमच्याने काढून खातो. मीही खाते. म्हणून चार झाल्या तरी पाचवी उचलली जाते.

पोट भरल्यासारखं वाटायला पाणी, फायबर आणि प्रोटीन लागतं. प्रोटीन पोचलं की आतड्यातून 'बास आता' असे निरोप देणारी हार्मोन्स सुटतात, त्यातल्याच जीएलपी-१ ची नक्कल करणारी इंजेक्शनं हल्ली वजनासाठी देतात. तुम्हाला इंजेक्शन नको, डब्यात भाजीच्या जोडीला मटकीची नाहीतर मुगाची उसळ टाका आणि सव्वाचारला ड्रॉवरमधे फुटाणे ठेवा, ३० ग्रॅम फुटाण्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, शिवाय ते चावावे लागतात. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणार नाही. हां, भुकेच्या वेळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जाऊन शुगर तपासून घ्या.

प्रश्न : लग्नात मसालेभाताला 'बास बास' म्हणून हात आडवा केला, खरंच जागा नव्हती, आणि पाच मिनिटांनी चार जिलब्या खाल्ल्या. बायको अजून हसते. हे कसं काय?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : वहिनींना हसू दे, तुम्ही खोटं बोलला नव्हता. मेंदू एकेका चवीला कंटाळतो. जो पदार्थ खात असतो त्याची गोडी घासागणिक कमी होत जाते, पण दुसऱ्या चवीची तशीच ताजी राहते. बार्बरा रोल्स नावाच्या बाईंनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं, वेगवेगळे पदार्थ समोर असले की माणसं एकाच पदार्थापेक्षा जास्त खातात असं त्यांना दिसलं. आपलं पंगतीचं ताट आठवा, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे वरणभात, मग मसालेभात, मग जिलबी, वर मठ्ठा. दर दोन घासांनी जीभ बदलायची सोय. पाहुणा उठूच नये म्हणून रचलंय की काय असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : पोटात कावळे ओरडतात ते भुकेमुळेच का? लेक्चरमधे फार लाज वाटते.
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : प्रत्येक वेळी नाही. पोट रिकामं असताना दीड-दोन तासांनी जठर आणि आतडी आकुंचनाची एक लाट सोडतात, उरलंसुरलं पुढे ढकलायला, झाडू मारल्यासारखं, आणि आतली हवा अन् पाणी हलल्याने तो आवाज होतो. १९१२ मधे हार्वर्डच्या कॅनन सरांच्या वॉशबर्न या विद्यार्थ्याने चक्क रबरी फुगा गिळून जठराची आकुंचनं मोजली, आणि भुकेची कळ म्हणजे हीच आकुंचनं असं ठरवलं. पण ऑपरेशन करून जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते, म्हणजे कावळे पोटात ओरडले तरी भुकेचा कारभार मेंदूतूनच चालतो. तोपर्यंत लेक्चरच्या आधी केळं खा, आवाज कमी होईल, आणि खरं सांगू, शेजारणीचंही पोट वाजतच असतं, ती वही जोरात उलटते एवढंच.