किरणोत्सर्गामुळे काच तपकिरी का पडते? क्वार्ट्झमध्येही (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या स्फटिकातही) तसंच होतं का?

हो, होतं. गॅमा किंवा क्ष-किरण मुख्यतः अणू नाही, इलेक्ट्रॉन सुटे करतात. बहुतेक इलेक्ट्रॉन लगेच जागेवर परततात. काही मात्र एखाद्या अशुद्धीपाशी किंवा तुटलेल्या बंधापाशी अडकतात, आणि त्यांची रिकामी जागा, म्हणजे होल, दुसरीकडे अडकते. अशी ठिकाणं दृश्य प्रकाश शोषू लागली की त्यांना रंगकेंद्रं म्हणतात. काचेचा तपकिरीपणा त्यांचाच.

क्वार्ट्झमधलं उदाहरण तर फारच सुंदर आहे. स्फटिकात काही जागी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. किरणोत्सर्गाने त्याच्या शेजारच्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो, होल तिथेच राहतं, आणि स्फटिक धुरकट दिसतो. ॲल्युमिनियमऐवजी लोह असेल तर जांभळा ॲमेथिस्ट! काहीशे अंश सेल्सिअसला तापवलं की इलेक्ट्रॉन सुटून परत येतात आणि धुरकटपणा जातो.

अतिशुद्ध सिलिका काचेतही (घटक क्वार्ट्झचेच, पण रचना स्फटिकासारखी नियमित नाही) असे दोष होतात, पण त्यांचं शोषण बरंचसं अतिनील भागात (उदा. सुमारे 215 नॅनोमीटरला), म्हणून डोळ्यांना ती स्वच्छच दिसते.

वेगवान न्यूट्रॉनांची गोष्ट वेगळी, ते अणूच जागेवरून उडवतात. भरपूर मारा झाला की क्वार्ट्झची घनता 2.65 वरून सुमारे 2.26 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरपर्यंत उतरते, तर सिलिका काचेची 2.20 वरून जवळपास तिथंच चढते. दोन्ही पदार्थ जवळजवळ एकाच विस्कळीत रचनेला पोचतात.

किरणोत्सर्गी कामाच्या खिडक्यांच्या काचेत सिरियम नावाचं मूलद्रव्य घालतात. ते इलेक्ट्रॉन आणि होल स्वतःकडे घेतं, त्यामुळे काच फारशी काळवंडत नाही.