अँटिबायोटिक घेताना आलेली तरतरी: कोर्स वाढवण्याआधी पुडीतल्या गोळीचे नाव शोधा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तीन वर्षांपासून अंगात त्राण नसते आणि डोंबिवली स्थानकाचा पूल चढताना मध्ये दोनदा थांबावे लागते, असे तुम्ही लिहिले आहे. खोकला आणि कणकण यांसाठी घराजवळच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या दिल्या, सोबत एका छोट्या पांढऱ्या गोळीच्या पुड्या बांधून दिल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून ऑफिस, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास हे सारे तुम्हाला पूर्वीसारखे जमू लागले. औषध संपल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून हाच कोर्स आणखी महिनाभर घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर स्पष्ट आहे: स्वतःच्या मनाने एकही गोळी घेऊ नका. मात्र ती तरतरी हा मनाचा खेळ होता असे कोणी म्हणाले, तर तेही मानू नका. असा फरक अनेकांना जाणवतो, आणि त्यामागे खरी शारीरिक कारणे असू शकतात.

त्या पुडीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे खोकला, घसा, अंगदुखी यांसाठी अँटिबायोटिकसोबत चारपाच दिवस स्टिरॉइड देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि सुट्या गोळ्यांच्या कागदी पुडीवर नाव नसल्याने रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांसारखे स्टिरॉइड पोटात गेले की सूज उतरते, भूक लागते, रात्री झोप कमी होऊनही सकाळी उत्साह वाटतो, आणि औषध थांबले की तो उत्साह ओसरतो. तुम्ही वर्णन केलेला क्रम याच्याशी इतका जुळतो की मी आधी डॉक्टरांना त्या गोळीचे नाव कागदावर लिहून मागेन. नाव विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तो आपला हक्क आहे.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाने ती डोळ्यांआड करू नये. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयरोगाच्या जंतूंवरही काम करते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या उपचारांत ते वापरलेही जाते. क्षय असताना ते एकटे आठवडाभर घेतले, तर ताप-खोकला तात्पुरता कमी होतो, माणसाला बरे वाटते, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते, निदान लांबते आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावण्याची भीती असते. तुम्हाला क्षयच आहे असे मी म्हणत नाही. परंतु दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम किंवा घटलेले वजन यांपैकी काहीही असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी) चाचणी करून घ्या, आणि लिव्होफ्लॉक्सासिन घेतल्याचे तिथे आवर्जून सांगा. ही चाचणी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत होते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही तिच्यातून कळते.

तिसरी शक्यता दबून राहिलेल्या संसर्गाची. शरीर जंतूंशी झुंजत असते तेव्हा रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात आणि त्यांचा परिणाम मेंदूवर होऊन सुस्ती, अनुत्साह, अंगदुखी येते. जंतू कमी झाले की ही रसायने कमी होतात आणि डोके हलके होते. माझ्या बाबतीत हेच घडले होते. आठ वर्षांपूर्वी घशासाठी घेतलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या अँटिबायोटिकच्या चौथ्या दिवशी मी दादरचा पूल एका दमात चढलो आणि वर कठड्याला धरून उभा राहिलो, कारण छाती भरून आली नव्हती यावर माझाच विश्वास बसेना. त्या आनंदात मी जुनी चिठ्ठी दाखवून आणखी दोन पाकिटे आणली. बाराव्या दिवशी जुलाब सुरू झाले, आणि तीन दिवस रुग्णालयात सलाईनवर काढावे लागले. त्यानंतर एका दंतवैद्यांनी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला, तेव्हा रूट कॅनल केलेल्या दाढेच्या मुळाशी, जिथे मला कधी ठणका लागला नव्हता तिथे, पू साठल्याची काळी सावली दिसली. दाढ काढल्यावर माझा थकवा साधारण निम्मा उतरला. उरलेला आजही आहे, आणि हे सांगणे मला आवश्यक वाटते.

काही औषधांचा परिणाम जंतूंपलीकडेही जातो. डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा २० मिलिग्रॅम, म्हणजे जंतू मारण्यास अपुऱ्या मात्रेत, हिरड्यांच्या आजारावर दिले जाते, कारण ते ऊतींची झीज घडवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) आवर घालते. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तेव्हा रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले, आणि त्यातूनच नैराश्यावरील पहिल्या औषधांचा एक गट पुढे आला. पुढे यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते औषध मागे घ्यावे लागले. बरे वाटवणारे औषध दीर्घकाळ निर्धोक असेलच असे नाही. लिव्होफ्लॉक्सासिननेही टाचेमागची कंडरा तुटू शकते, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आठवणी ताज्या आहेत तोवर एका कागदावर तारखा लिहून काढा: कोणती गोळी कधी घेतली, तरतरी कोणत्या दिवशी आली आणि कधी ओसरली, झोप किती झाली, त्या आठवड्यात सुट्टी होती का, कारण लोकलची दगदग टळल्यानेही फरक पडतो. तो कागद घेऊन एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर या तपासण्या झाल्या नसतील तर त्यांबद्दल विचारा, आणि दात, सायनस, लघवी यांविषयीही मोकळेपणी सांगा.

पुडीतल्या गोळीचे नाव कळले, की खोकला एकूण किती दिवस होता या माहितीसह इथेच लिहा. मी वाट पाहतो.